वेगळं शिजवा, एकत्र कालवा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी एका पदार्थाबद्दल बोलणार आहे. कविता बिघडली तर ऐकणारा फार तर रेडिओ बंद करतो, पदार्थ बिघडला तर घरातली चार माणसं उपाशी राहतात. त्यामुळं कवितेपेक्षा इथं जास्त जपून बोलायला हवं. पदार्थ आहे कोरियाचा, आणि करायचा आहे आपल्या हदगावात. त्याचं नाव बिबिम्बाप.

मोबाइलवर कोरियन मालिका पाहणाऱ्या मुलामुलींना हे नाव सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगते. खोलगट वाडग्यात गरम भात घेतात. त्यावर पाच-सहा भाज्यांचे छोटे छोटे ढीग मांडतात. पालक हिरवा, गाजर केशरी, मुळा पांढरा. एका बाजूला बारीक कापून परतलेलं मांस ठेवतात, मधोमध अंडं आणि लाल तिखट चटणी. वाडगं समोर आलं की दोन घटका बघत राहावं असं दिसतं. आणि मग खाणारा चमचा घेऊन ते सगळं चित्र मोडून टाकतो, खालीवर करून कालवतो आणि खातो. कोरियन भाषेत 'बिबिम' म्हणजे कालवलेला आणि 'बाप' म्हणजे शिजवलेला भात. 'बाप' म्हणजे भात, हे ऐकून आमच्या घरातली लहान मुलं हसून लोळली होती. पण शब्दाचा अर्थ कळला आणि मला हा पदार्थ एकदम ओळखीचा वाटायला लागला. आपल्याकडं भाकरीबरोबर जे पातळ असतं त्याला आपण कालवणच म्हणतो. जे घेऊन कालवायचं ते कालवण. सप्ताह संपताना काल्याचं कीर्तन होतं, त्यातला काला हा शब्दही याच कुळातला. गवळ्यांच्या पोरांनी आपापल्या घरून आणलेल्या शिदोऱ्या सोडल्या आणि त्या एकत्र कालवल्या, तो गोपाळकाला.

माझी भाची पुण्याजवळ एका कंपनीत कामाला आहे. पुणे परिसरात कोरियन कंपन्या बऱ्याच आहेत. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईनं २०२३ साली केला. त्यामुळं कोरियन माणसं आली, त्यांच्यामागून त्यांची खाणावळ आली. तिथं भाचीनं हा पदार्थ खाल्ला आणि सुटीत आल्यावर हट्ट धरला, की खाला, आपण घरी करू. पदार्थाचं इंग्रजी वर्णन तिनं वाचून दाखवलं. त्यात पहिलाच शब्द होता बीफ.

आता या शब्दावर थोडं थांबावं लागेल. रेडिओवर तो उच्चारताना माणूस नकळत आवाज खाली आणतो. पण न बोलता राहिलेल्या गोष्टींबद्दलच गैरसमज जास्त होतात, म्हणून सरळ सांगते. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानं गोहत्येला बंदी आहे. २०१५ साली त्या कायद्याच्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळू यांनाही बंदी लागू झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही बंदी कायम ठेवली. म्हैस आणि रेडा यांना ती बंदी नाही. त्यांच्या बाबतीत अधिकृत दाखला आणि परवानगी लागते. तेव्हा कोरियात ज्याला बीफ म्हणतात ते आपल्या वाडग्यात येणार नाही. परवान्याच्या दुकानातून आणलेलं हल्याचं मांस येईल, नाही तर बकऱ्याचं, नाही तर कोंबडीचं. आणि काहीच नसलं तरी पदार्थाचं नाव बदलत नाही, कारण नावात फक्त भात आहे आणि कालवणं आहे. मांस नावात नाहीच.

गंमत अशी, की खुद्द कोरियातही हे मांस सहज ताटात आलेलं नाही. तिथं १३९२ पासून पाचशेहून जास्त वर्षं जोसॉन घराण्याचं राज्य होतं. त्या काळात गुरं मारायला राजाज्ञेनं पुन्हा पुन्हा बंदी घातली गेली. कारण आपल्या शेतकऱ्याला लगेच कळेल असं होतं. बैल मारले तर नांगर कोण ओढणार? तरीही सणासुदीला लोक मांस खात, म्हणून तर बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागली. आणि जे लोक जनावरं कापायचं काम करत, त्यांना बेकजोंग म्हणत. ते समाजाच्या तळाशी. त्यांनी वस्ती वेगळी करायची, रेशीम अंगाला लावायचं नाही, इतर पुरुष घालतात ती घोड्याच्या केसांची टोपी घालायची नाही. मांस सगळ्यांना हवं, कापणारा मात्र शेजारी नको. १८९४ च्या सुधारणांनी हे भेद कायद्यानं संपवले, पण व्यवहारात ते संपले नाहीत. त्यांच्या मुलांना शाळेत घ्यायला विरोध होत राहिला.

मग एप्रिल १९२३ मध्ये दक्षिणेकडच्या जिंजू नावाच्या शहरात या लोकांनी एक संघटना काढली. तिचं नाव ह्योंगप्योंगसा. या नावात तराजू आहे. कसायाच्या दुकानातला, दोन्ही बाजू सारख्या ठेवणारा तराजू. माणसामाणसांत तशीच समता हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. यानंतर चारच वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये, आपल्याकडं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेले. एकीकडं तराजू, दुसरीकडं ओंजळभर पाणी. दोन्ही ठिकाणी भांडण खाण्यापिण्याभोवतीच्या वस्तूंचं दिसतं, पण मागणी माणूस म्हणून वागवण्याची आहे. आणि योगायोग असा, की हे जिंजू शहर कोरियात बिबिम्बापसाठीही प्रसिद्ध आहे. तिथल्या वाडग्यात तर मसाला लावलेलं कच्चं मांस घालतात. आपण अर्थातच शिजवून घेणार आहोत.

आपल्या मराठवाड्यातही मांसाचा इतिहास असाच काही सांगितलेला आणि बराचसा न सांगितलेला आहे. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या चुलीवर काय शिजत होतं, ते त्यांनी त्यात नावानिशी लिहिलं. त्यात चान्या आहेत. चान्या म्हणजे मांसाच्या लांब पट्ट्या कापून उन्हात वाळवलेल्या, पुढच्या दिवसांसाठी बेगमी करून ठेवलेल्या. २०२४ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. आमच्या मुसलमान घरांतल्या जेवणावर निजामी हैदराबादचा हात आहे. १९४८ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. त्यामुळं तहारी, दालचा, अंबाड्याचं गोश्त हे पदार्थ आमच्याकडं येतात. एकाच तालुक्यात, एकाच नदीचं पाणी पिऊन, इतक्या वेगवेगळ्या चुली पेटतात. प्रश्न एवढाच, की एका पंगतीला बसायचं कसं?

इथंच मला हा कोरियन पदार्थ उपयोगाचा वाटला. आमची तहारी किंवा बिर्याणी घ्या. चव उत्तम, यात वाद नाही. पण तिथं सगळं एकाच हंडीत शिजतं. एकदा दम दिला की त्यातून मांस वेगळं काढता येत नाही. मांस न खाणारा पाहुणा आला तर त्याच्यासाठी दुसरं भांडं आणि दुसरा भात, आणि मग तो बिचारा एका कोपऱ्यात वेगळं जेवतो. बिबिम्बापचं उलट आहे. त्यात प्रत्येक जिन्नस वेगळा शिजतो, वेगळा ठेवला जातो आणि अगदी शेवटी, खाणाऱ्याच्या हातानं, त्याच्याच वाडग्यात एकत्र येतो. भात सगळ्यांचा एक. बाकी ज्यानं त्यानं घ्यावं.

आता कृती सांगते. चार माणसांचं प्रमाण आहे, कागद-पेन्सिल घ्या.

आधी भात. कोरियन तांदूळ आखूड आणि चिकट असतो. आपल्याकडं त्याच्या जवळचा म्हणजे मावळातला इंद्रायणी. दोन वाट्या तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा. वाटीला पावणेदोन वाट्या या हिशोबानं पाणी घाला, म्हणजे भात मऊ होतो पण गिचका होत नाही. इंद्रायणी मिळाला नाही तर ज्वारीच्या कण्या शिजवा. हसू नका. कोरियातही तांदूळ परवडत नव्हता तेव्हा गरीब माणूस सातूचा भात शिजवून त्यात भाजीपाला कालवत होता, आणि आज तोच पदार्थ तिथं लोक हौसेनं खातात.

मग भाज्या. पालकाची एक जुडी उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकून लगेच गार पाण्यात काढा, घट्ट पिळा, मीठ, ठेचलेला लसूण आणि थोडं तेल लावा. दोन गाजरांच्या काड्या करून तव्यावर दोन मिनिटं परता. काकडीच्या पातळ चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि पिळून घ्या. मुळ्याचंही तसंच. पावसाळा असेल तर पालकाच्या जागी तांदुळजा किंवा घोळ घ्या. कोरियन लोक डोंगरातल्या रानभाज्या आवडीनं घालतात, मग आपण का घालू नयेत? प्रत्येक भाजी वेगळी करायची, हा नियम सोडू नका. सगळ्या एकदम परतल्या तर सगळ्यांना एकच चव येते, आणि मग कालवण्यात काही मजा राहत नाही.

तेल तिळाचं हवं. कोरियात तीळ भाजून मग तेल काढतात, त्यामुळं त्याला खमंग वास असतो. आपल्या घाण्याचं तीळतेल सौम्य असतं. त्यावर उपाय म्हणून दोन चमचे तीळ तांबूस भाजा, कुटा आणि कोमट करडईच्या तेलात घालून ठेवा. वास बराचसा जुळतो.

यानंतर मोड. आपण मटकीला मोड आणतो, कोरियन माणूस सोयाबीनला आणतो. नांदेड-लातूरकडं खरिपात सोयाबीन किती होतं ते तुम्हाला सांगायला नको. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून कमी भावानं विकावं लागलं, तेही तुम्हाला ठाऊक आहे. आपण सोयाबीन पेरतो, काढतो, विकतो. त्याचं तेल निघतं, पेंड कोंबड्यांना जाते. कोरियात मात्र याच दाण्यापासून सॉस होतो, आंबवलेली चटणी होते, मोडांची भाजी होते. एक सावधगिरी बाळगा. पेरणीच्या पिशवीतलं बियाणं कधीही घेऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं. खायचं स्वच्छ सोयाबीन रात्रभर भिजवा, फडक्यात बांधा, दिवसातून दोन-तीनदा पाण्यानं धुवा. दोन-तीन दिवसांत मोड येतात. हे मोड कच्चे खायचे नाहीत. झाकण ठेवून पंधरा मिनिटं चांगले उकळा, मधे झाकण काढू नका, नाही तर उग्र वास राहतो.

चटणीला कोरियन भाषेत गोचुजांग म्हणतात. मिरची, चिकट तांदूळ, आंबवलेलं सोयाबीन आणि मीठ मातीच्या रांजणात महिनोन्महिने मुरवतात. तयार डबी शहरात मिळते. पण आमच्यासारख्यांनी डबीवरचे घटक वाचून घ्यावेत, काहींमध्ये टिकण्यासाठी अल्कोहोल घातलेलं असतं. मी घरीच करते. आठ ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून वाटायच्या. त्यात दोन चमचे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, एक चमचा गूळ, चार पाकळ्या लसूण आणि दोन चमचे सोया सॉस घालून मंद आचेवर घट्ट करायचं. चायनीजच्या गाड्यांच्या कृपेनं सोया सॉस आता सगळीकडं मिळतो. कोरियन माणूस याला गोचुजांग म्हणणार नाही, पण ताटात परत वाढून घेईल. मिरची तशी त्यांचीही नाही आणि आपलीही नाही, अमेरिका खंडातून समुद्रावरून आली. आता तिच्याशिवाय दोघांचंही पान हलत नाही.

सगळ्यात शेवटी मांस. पाव किलो पुरतं. हल्याचं मांस गडद आणि जरा राठ असतं, चरबी कमी. म्हणून फ्रीजरमध्ये तासभर ठेवून घट्ट करा आणि रेषांना आडवं, कागदासारखं पातळ कापा. दोन चमचे सोया सॉस, एक चमचा साखर, लसूण, कुटलेले तीळ आणि एक चमचा कच्च्या पपईचा वाटलेला गर लावा. कोरियन घरात हे काम तिथल्या नासपतीच्या किसाकडं असतं. पपई अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका, मांसाचा भुगा होतो. लोखंडी तवा धूर येईपर्यंत तापवा आणि थोडं थोडं टाकून परता. एकदम सगळं टाकलं तर पाणी सुटतं आणि मांस चिवट होतं. तुकड्यांत लाली राहू द्यायची नाही. एवढी खटपट नको असेल तर खिमा आणा आणि कोरडा होईपर्यंत परता. अंडं आवडत असेल तर माणशी एक तळून घ्या.

आमच्या घरी हा बेत होतो तेव्हा भाज्या आधी होतात, झाकून बाहेरच्या खोलीत जातात. मांस शेवटी, वेगळ्या तव्यावर. उलथनं वेगळं, चमचा वेगळा, ताटली वेगळी. याला कारण आहे. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. माळकरी आहेत, आषाढीला पंढरपूरला जाऊन आलेले. पहिल्यांदा हा बेत होता तेव्हा त्यांना बोलवावं की नाही, यावर घरात चर्चा झाली. भाचीचं म्हणणं पडलं, की मांसाची ताटली आत ठेवून द्यावी, त्यांना सांगूच नये. मी म्हटलं, तसं नको. आलेल्या माणसापासून घरात काय शिजलंय ते लपवलं, तर त्याला उद्या पाणी देतानाही आपला हात कापेल. म्हणून दारातच सांगितलं.

"गुरुजी, आज मांसही आहे. हल्याचं आहे. पण ते शेवटी केलंय."

त्यांनी जरा विचार केला. मग विचारलं, "भाभी, तवा वेगळा आहे का?"

"तवाही वेगळा आणि उलथनंही वेगळं."

"मग वाढा," असं म्हणून ते पाटावर बसले.

त्यांच्या वाडग्यात पालक, गाजर, मुळा, मोड आणि चटणी गेली. माझ्या एका बौद्ध मैत्रिणीनं मांसाचा ढीग दुप्पट घेतला आणि आजीच्या चान्यांची आठवण काढली. आमच्या घरातल्या मोठ्यांनी नेहमीप्रमाणं तक्रार केली, "गोश्त ज़रासा, तरकारीच तरकारी, ये कैसी दावत?" गुरुजींनी चमचा बाजूला ठेवला आणि हातानं कालवलं. म्हणाले, काला चमच्यानं होत नाही.

अलीकडं एकमेकांच्या घरी जेवायला बसणं कमी झालंय, हे मी माझ्या गल्लीपुरतं बोलते. ईदचा शिरखुर्मा अजून जातो, दिवाळीचा फराळ अजून येतो, पण डब्यातून. डबा दारातून परत फिरतो, माणूस आत येत नाही. याला मोठी मोठी कारणं आहेत आणि ती माझ्या स्वयंपाकघरात सुटणारी नाहीत. पण एक छोटं कारण मी जवळून पाहिलं आहे. पाहुण्याला धास्ती असते की कशात काय असेल, आणि यजमानाला संकोच असतो की विचारलं तर काय सांगू. दोघंही गप्प राहतात आणि पाहुणा चहावर निघून जातो. वाडग्यातले ढीग वेगळे आणि उघडे असले, प्रत्येकाचं नाव स्वच्छ सांगितलेलं असलं, की ही धास्ती निम्म्यानं कमी होते. पाहुण्याला प्रश्न विचारायचा हक्क आहे, तसा मलाही माझ्या ताटातला घास न लपवता खायचा हक्क आहे. दोन्ही एका पंगतीत बसू शकतात, फक्त तवे दोन लागतात.

भाषेच्या बाबतीतही मी असंच जगत आले आहे. घरात दखनी बोलते, कविता मराठीत लिहिते. लोक कौतुकानं म्हणतात, दोन्ही किती छान मिसळलंय. मला वाटतं, दोन्ही आधी आपापल्या आचेवर नीट शिजलं, म्हणून मिसळलं. आईकडून दखनी पुरती आली, शाळेत मराठी पुरती आली. पालक कच्चा आणि गाजर करपलेलं असेल तर कितीही कालवा, चव जुळत नाही.

तेव्हा एखाद्या रविवारी हा बेत करून पाहा. दुपारी बाराला बसायचं असेल तर मोड गुरुवारीच बांधा आणि शनिवारी रात्री चटणी करून ठेवा. भाज्या अकरापर्यंत उरका. मांस करणार असाल तर पाहुणे पाटावर बसल्यावर तवा तापवा, म्हणजे गरम वाढता येईल. आणि प्रत्येक ताटलीत काय आहे ते आधी सांगा. चटणी उरली तर काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवा, आठवडाभर भाकरीबरोबर चालते.